बर्फावरची तोंडी परीक्षा

“लेडे,” रान्वाइग म्हणाली आणि हातातली लोखंडी टोकाची काठी तिनं बर्फावर ठोकली. ठक्. “इंग्रजीत?”

“टू लीड.”

“फ्योरे?”

“टू लीड... म्हणजे, टू स्टीअर. जहाज, गाडी, असं काही नेत असेल तर.”

“लैये?”

“टू लीड बाय द हँड.”

“ऑप्फ्योरे सै?”

“टू बिहेव.”

ठक् ठक् करत ती पुढे निघाली. मी तिच्या मागे पाऊल उचललं आणि त्याच क्षणी आमच्या पायांखालून काहीतरी गेलं. खरंच गेलं! लांबलचक पत्र्याच्या शेडवर कुणीतरी पार त्या टोकाला धोंडा टाकावा आणि तो आवाज घरंगळत घरंगळत आपल्या टाचांपर्यंत यावा, तसं. 

“आयला!” माझ्या मागून मामा ओरडला. “फुटलं का काय?”

“गातंय,” रान्वाइग मागे न बघता नॉर्वेजियनमध्ये म्हणाली. “थंडी वाढली की तळं गातं. गाणाऱ्या बर्फाला भ्यायचं नसतं. गप्प असलेल्याला भ्यायचं. सांग मामाला.”

मी मामाला सांगितलं. सख्ख्या मामाला, गोठलेल्या तळ्याच्या मधोमध, इंग्रजीत. कारण ती माझी तोंडी परीक्षा होती.

थांबा, नीट सांगते. आम्ही मूळचे इचलकरंजीचे. बाबांना नॉर्वेत ॲल्युमिनियमच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून तेराव्या वर्षी मी अशा एका गावात येऊन पडले जिथं एका बाजूला समुद्राची चिंचोळी खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मध्ये मराठी बोलणारी आम्ही तीन माणसं. शाळेत नव्यानं आलेल्या मुलांचा एक वेगळा वर्ग होता. रान्वाइग त्या वर्गाची बाई. तिच्या तोंडी परीक्षेत पास झालं की गावातल्या मुलांच्या नेहमीच्या वर्गात बसता यायचं. मराठी तिला येत नव्हती, त्यामुळे नॉर्वेजियन मला किती कळतं हे ती इंग्रजीत वदवून तपासायची.

आता मी सोळाची आहे. आता वर्गात मला गप्प बसवायचं तर मतदान घ्यावं लागेल, असं माझ्या मैत्रिणी म्हणतात. पण त्या वर्षी मी सगळ्याला भ्यायचे. बसच्या ड्रायव्हरला भ्यायचे. डबा उघडल्यावर येणाऱ्या लसणीच्या वासाला भ्यायचे. सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या आवाजाला. नॉर्वेजियनमध्ये बोलायला लागले की तो कुठल्या तरी पाच वर्षांच्या मुलीचा यायचा.

आणि रान्वाइगचं म्हणणं असं, की क्रियापदं खुर्चीत बसून कळत नाहीत. स्वयंपाकाची क्रियापदं असली की ती आम्हाला शाळेच्या स्वयंपाकघरात नेऊन कांदे चिरायला लावायची. त्या आठवड्यात होती पुढे होण्याची आणि वागण्याची क्रियापदं. नेणं, मागे जाणं, वाट दाखवणं, नीट वागणं. “ही बर्फावर कळतात,” ती म्हणाली. “रविवारी घरचं माणूस घेऊन तळ्यावर ये. मी बोलेन, तू त्याला इंग्रजीत सांगायचं.”

रविवारी बाबांची कारखान्यात पाळी होती. पण नेमका आईचा मोठा भाऊ, माझा जयसिंगमामा, इचलकरंजीहून आलेला, म्हणून तो आणि आई दोघंही माझ्याबरोबर निघाले. मामाचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, पण त्याचं खरं काम पुढे होण्याचं. लग्नात वऱ्हाडाच्या पुढे मामा, गल्लीत पाणी आलं नाही की नगरपालिकेत पुढे मामा, दोन भाऊ भांडले की मध्ये मामा. इंग्रजीलाही तो घाबरायचा नाही. मी घाबरायचे, पण तो नाही.

“तू मास्तरीणबाईला नावानं हाक मारतीस?” पहिल्याच दिवशी त्यानं मला झापलं होतं.

“इथं सगळेच मारतात, मामा.”

“मारू देत. मी राणूबाई मॅडम म्हणणार.”

आणि तळ्याच्या काठावर त्यानं खरोखरच “गुड मॉर्निंग, राणूबाई मॅडम” म्हणत हात जोडले. मी जमिनीत जायला तयार होते, पण जमीन गोठलेली होती.

काठावरच रान्वाइगनं नियम सांगितले. तळ्यावर स्प्रूसच्या हिरव्या डहाळ्या दोन ओळींत रोवलेल्या होत्या, गावातल्या लोकांनीच रोवलेल्या. दोन ओळींच्या मधला बर्फ भोकं पाडून तपासलेला. चालायचं ते मधूनच. पुढे एकच जण. बाकीच्यांनी अंतर ठेवून मागे. कुणी पडलं तर धावत जायचं नाही, पुढचा सांगेल तेवढंच करायचं.

मी एकेक वाक्य इंग्रजीत मामाला सांगत होते, आणि मग तेच पुन्हा मराठीत आईला. आईला इंग्रजी समजायचं, पण अनोळखी दुकानात समजतं तेवढंच.

“पडलं तर धावायचं न्हाई?” मामा म्हणाला. “ही कसली माणुसकी म्हणायची?”

रान्वाइगनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “ही ॲग्रीज.”

मग तिनं प्रत्येकाच्या गळ्यात एक दोरी घातली. दोरीच्या दोन टोकांना दोन लाकडी मुठी, मुठींना खिळ्याची टोकं. बर्फ फुटून पाण्यात पडलं तर ती टोकं बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं.

“हे काय, बैलासारखं?” आई म्हणाली, आणि तिनं ते जॅकेटच्या आत ढकलून चेन पार हनुवटीपर्यंत ओढून घेतली. तिच्या उजव्या हातात कापडी पिशवी होती. मी ती पाहिली होती, तिच्यात काय आहे तेही मला माहीत होतं, पण माझं सगळं डोकं क्रियापदांत होतं.

पिशवीत निर्माल्य होतं. आमचे देव स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात असायचे, आणि आई त्यांना सुपरमार्केटमधली ट्यूलिपं वाहायची. वाळलेल्या पाकळ्या, अक्षता, कापसाची वस्त्रं, सगळं ती दिवाळीपासून गॅलरीत साठवत होती. निर्माल्य सोडायचं वाहत्या पाण्यात, आणि गावातलं गोडं पाणी सगळं दगड झालेलं. खारट खाडीत टाकायला तिचं मन होईना. बाबा एकदा चुकून म्हणाले होते, “इथं ओल्या कचऱ्याचा डबा किती स्वच्छ असतो बघ.” दोन दिवस घरात कुणी बाबांशी बोलत नव्हतं. कुणी म्हणजे आई.

तर अशी आमची वरात निघाली. पुढे रान्वाइग, मग मी, मग मामा, शेवटी आई.

“मॅडम,” मामा मागून ओरडून सांगत होता, “इन इचलकरंजी, आय लीड! मॅरेज, मीटिंग, मोर्चा, ऑल!”

रान्वाइग हसली. “मग त्याला सांग, आज फ्योल्ये.”

“टू फॉलो,” मी म्हणाले. “मामा, आज तू मागे चालायचं.”

“चालतोय की! एवढा मागे मी माझ्या लग्नातबी नव्हतो.”

तळं पुन्हा गायलं. या वेळी लांबून, डाव्या डोंगराकडून, आणि मग थेट आमच्या खालून उजवीकडे गेलं. मी मुठी इतक्या आवळल्या होत्या की हातमोज्यात नखं रुतली. गाणारा चांगला, गाणारा चांगला, असं मी मनात म्हणत होते. पण माझ्या पायांना ते पटत नव्हतं. प्रत्येक पाऊल टाकताना वाटायचं, आता. हेच ते.

“दुसऱ्याला नीट नेण्यासाठी,” रान्वाइग नॉर्वेजियनमध्ये सावकाश म्हणाली, “आधी त्यानं तुझ्यावर विश्वास ठेवावा लागतो. हे वाक्य अवघड आहे. घाई नको.”

मी वाक्य डोक्यात जुळवत होते. टू लीड समवन, दे मस्ट फर्स्ट... मी मामाला सांगायला मागे वळले.

मामा होता. मामाच्या मागे कुणी नव्हतं.

आई डहाळ्यांच्या बाहेर होती. बरीच बाहेर. डोंगरावरून एक ओढा तळ्यात उतरत होता, आणि तो जिथं मिळतो तिथं पाण्याचा एक काळा तुकडा उघडा होता. त्यावरून वाफ निघत होती. अख्ख्या तळ्यावर तेवढंच पाणी वाहत होतं, आणि आई पिशवी घेऊन तुरुतुरु तिकडे चालली होती. भाजी संपायच्या आत मंडईत पोचायचं असल्यासारखी.

“आई!”

तिनं न वळता हात हलवला. “आलेच गं! देवाचं काम आहे, दोन मिनिटं!”

रान्वाइग वळली, आणि मी पहिल्यांदाच तिचा चेहरा बदललेला पाहिला. ती ओरडली नाही. तिचा आवाज उलट खाली गेला. “तिला थांबव. आत्ता. तिथं खालून पाणी वाहतं, तिथं बर्फ धरत नाही.”

आणि मी थांबवलं. मी सगळा जीव एकवटून किंचाळले, “स्टॉप! स्टँड स्टिल! डू नॉट मूव्ह!”

आई चालतच होती.

“यू मस्ट स्टॉप!” माझ्या तोंडातून दुसरं काही निघतच नव्हतं. नॉर्वेजियन आत गेलं की इंग्रजी बाहेर. सगळा आठवडा मी मेंदूला तेवढी एकच वाट शिकवली होती.

“अगं मराठीत सांग की तिला!” मामा गरजला. “आई हाय ती तुझी!”

“आई! थांब! आहेस तिथं थांब!”

ती थांबली. वळली. एवढ्या लांबूनही मला दिसत होतं की ती वैतागलीय. “काय झालं ओरडायला? ते काय पाणी दिसतंय समोर...”

मग तिनं खाली पाहिलं. तिच्या बुटांभोवती पाणी वर येत होतं. बर्फाचा रंगही तिथं वेगळा होता. आमच्याकडचा पांढरट, तिच्याकडचा करडा, ओल्या पाटीसारखा. आणि तळं गप्प होतं. एवढा वेळ मी ज्या आवाजाला भीत होते, तो यावा म्हणून मी कान लावून उभी होते, आणि तिच्या बाजूनं काहीच येत नव्हतं.

“दादा!” आई ओरडली. “दादा रे!”

मामा निघाला. रान्वाइगनं त्याच्या जॅकेटची टोपी पकडली, तर टोपीची बटणं तटातट निघून टोपी तिच्या हातात राहिली. “नो!” ती म्हणाली. “नो, नो!” पण बहिणीनं हाक मारलेल्या जयसिंगमामाला आजवर कुणी थांबवलेलं नाही. डहाळ्या तुडवून तो बाहेर धावला. “थांब वैजू! आलो मी! हलू नको!”

आणि मग जो आवाज झाला तो गाण्याचा नव्हता. कोरड्या लाकडाचा होता. मामाच्या पायाखालून एक पांढरी रेघ निघाली आणि सरळ आईच्या दिशेनं पळाली. तिच्यापर्यंत पोचायच्या थोडं आधी थांबली.

मामाही थांबला. एक पाय पुढे, दोन्ही हात हवेत.

आता माझी दोन माणसं डहाळ्यांच्या बाहेर होती.

रान्वाइगनं फोन कानाला लावला होता. बोलता बोलता ती पाठीवरची सॅक उतरवून दोरी काढत होती. तळ्याचं नाव, ओढ्याचं तोंड, दोन माणसं, असं ती सांगत होती, आणि आवाज इतका शांत, जणू पिझ्झा मागवतेय. मग फोनवर हात ठेवून ती मला म्हणाली, “आता तू बोलायचं. फक्त तू. मी ओरडले तर ते दोघींकडे बघतील.”

“मी जाते,” मी म्हणाले. “मी हलकी आहे. मी तिचा हात धरून...”

“लैये नाही.” तिनं माझं मनगट घट्ट धरलं. “हात धरायला कुणीही जायचं नाही. वैलेडे.”

तो शब्द मला येत होता. आपण जागेवर राहून दुसऱ्याला वाट दाखवायची. त्या आठवड्यात मी तो वहीत हजार वेळा लिहिला असेन.

“आधी मामा,” रान्वाइग म्हणाली. “पोटावर आडवं व्हायचं, हातपाय पसरायचे, गेला त्याच वाटेनं सरपटत मागे यायचं.” आणि ती पुन्हा फोनवर बोलू लागली.

“मामा,” मी म्हटलं. माझा आवाज तोच, पाच वर्षांच्या मुलीचा. “मामा, पालथा झोप.”

“काय?”

“पालथा! पोटावर! हात पसरून!”

“अगं खुळी का काय तू? ती तिथं उभी हाय आणि मी झोपू?”

“मामा, तू अजून एक पाऊल टाकलंस तर ती रेघ तिच्यापर्यंत जाईल.”

 त्यानं त्या रेघेकडे पाहिलं. आईकडे पाहिलं.

“आणि ती बुडेल,” मी म्हणाले. “तू गेलास तर आई मरेल, मामा.”

हे वाक्य मी याआधी कुठल्याच भाषेत बोलले नव्हते.  मामा खाली वाकला. त्या नव्या निळ्या जॅकेटात तो हळूहळू गुडघ्यांवर आला, मग पोटावर, मग त्यानं हात पसरले. इचलकरंजीचा पुढारी बर्फावर पालथा पडला.

“आता मागे. पायांकडून. सरपटत.”

“तिला तिथं सोडून?”

“मामा, मी सांगते तसं वाग!”

तो मागे येऊ लागला. येताना त्याची नजर आईवरनं हलली नाही, आणि तो रडत होता. मोठ्यानं नाही. नाकानं, लहान मुलं झोपेत रडतात तसा. डहाळ्यांच्या आत आल्यावर तो उठून बसला नाही, पालथाच राहिला.

“आई, आता तू.”

“दादा कुठंय?” आई म्हणाली. ती आमच्याकडे नीट बघतही नव्हती, तिची नजर पायांवर होती. “दादाला बोलू दे. तू लहान आहेस.”

“मामा बोलणार नाही. मीच बोलणार.”

“बाईंना सांग ना काहीतरी. मोठं कुणी नाही का तिथं?”

“नाही!” मी ओरडले. “मीच आहे! आई, पोटावर झोप.”

“पाण्यात? शलू, बर्फाचं पाणी आहे हे...”

“झोप!”

ती वाकली आणि बर्फ तुटला. सगळा नाही. तिचा डावा पाय मांडीपर्यंत खाली गेला आणि ती पुढे आदळली. ती किंचाळली तो आवाज डोंगरावर जाऊन परत आला, आणि मला वाटलं दुसरंही कुणीतरी बुडतंय. मामा पडल्या जागी “वैजू! वैजू!” करत होता. रान्वाइगनं त्याच्या पाठीवर गुडघा ठेवला होता. खरंच, गुडघा ठेवून दाबला होता त्याला, आणि हातांनी दोरी सोडवत होती.

“मुठी,” ती मला म्हणाली. “गळ्यातल्या.”

“आई! गळ्यातल्या मुठी काढ! खिळेवाल्या!”

“चेन... चेन निघत नाही!”

“दोन्ही हातांनी काढ!”

“पिशवी आहे हातात!”

मी पाहिलं. तिचा एक पाय पाण्यात होता, पोट बर्फावर, आणि उजवा हात तिनं उंच धरला होता. पिशवी ओली होऊ नये म्हणून.

“पिशवी सोड!”

“अगं, बर्फावर कशी टाकू? देवाचं आहे...”

“देवाला पोहता येतं, आई!” मी इतकी ओरडले की घसा फाटल्यासारखा झाला. “तुला येत नाही!”

ती माझ्याकडे बघतच राहिली. एवढ्या सगळ्यात पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि हात उघडला.

मग तिनं चेन खाली ओढली, मुठी बाहेर काढल्या. एक मूठ तिच्या हातून निसटली आणि दोरीला लोंबकळली.

“सावकाश. ती परत पकड. हं. आता दोन्ही टोकं बर्फात मार. पुढे. अजून पुढे. आणि ओढ.”

“नाही होत.”

“पाय मार. पोहताना मारतात तसा मागे मार.”

“मला कुठं पोहता येतं!”

“मग सायकल मार!”

तिनं पाय मारला. पाणी उडालं. करड्या बर्फाची एक कड मोडली, मग दुसरी, आणि ती थोडी पुढे सरकली. पुन्हा टोकं मारली. पुन्हा ओढलं. पाय बाहेर आला तेव्हा तो माझ्या आईचा वाटतच नव्हता, ओल्या गोणपाटासारखा मागे फरफटत होता.

“उठू नकोस! उठायचं नाही! तशीच ये. गेलीस त्याच वाटेनं. तुझ्या पावलांकडे बघ. उजवा हात. आता डावा. उजवा.”

मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. मामा नंतर सांगायचा की मी एकदाही रडले नाही, माझा आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा येत होता. मला एवढंच आठवतं की मी थांबले की आई थांबायची. मी श्वास घ्यायला थांबले तरी ती थांबायची. म्हणून मी श्वास घेणंच सोडून दिलं होतं. तोंडात येईल ते बोलत होते. डावा. ये. उजवा. ये. शाबास. अजून ये. त्या खड्ड्याकडे नाही, माझ्याकडे. ये.

रान्वाइगनं दोरी फेकली. पहिल्यांदा ती अलीकडेच पडली. दुसऱ्यांदा आईच्या खांद्यावर.

“एक मूठ सोड. दोरी हाताला गुंडाळ. दोनदा. दाखव मला. हं.”

मग रान्वाइग आणि मामा दोघं आडवे पडून ओढू लागले. मामाच्या तोंडातून वाफ आणि देवाची नावं एकदमच बाहेर येत होती. आई सरकत आली. तिचा गाल बर्फावर घासत होता, केसांत बर्फाचा चुरा होता. एक डहाळी तिच्या खांद्याखाली येऊन मोडली. ती आत आली.

रान्वाइगनं आईच्या कडेला काठी ठोकून पाहिली. ठक्. भक्कम. तिनं स्वतःचं जॅकेट काढून आईच्या पाठीवर टाकलं. लांब रस्त्यावर एक निळा दिवा फिरायला लागला होता. “चल, उठव तिला,” ती मामाला खुणेनं म्हणाली. “चालायला पाहिजे. अंगात ऊब यायला पाहिजे.”

“ऊठ वैजू,” मामा तिच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाला. “झालं. संपलं. ऊठ गं माझे बाई.”

आई उठली नाही.

“यू कॅन स्टँड अप नाऊ,” रान्वाइग म्हणाली.

आई उठली नाही. दोरी हाताला गुंडाळलेली, हातपाय पसरलेले, मी सांगितलं होतं तशीच ती पडून होती. तिचे दात वाजत होते. तिनं मान थोडी वळवली, तिला माझे बूट दिसले, आणि मग तिनं डोळे वर केले.

“शलू,” ती म्हणाली. “उठू का गं आता?”

मी मागे वळून पाहिलं. शप्पथ सांगते, खरंच वळून पाहिलं, की तिला उत्तर द्यायला माझ्या मागे कुणी उभं आहे का. मागे नुसतं पांढरं तळं होतं, लांब, त्या टोकापर्यंत. इतकी भीती मला त्या अख्ख्या दिवसात वाटली नव्हती.

“ऊठ,” मी म्हणाले. “हळूच. आधी गुडघ्यांवर ये.”

ती आधी गुडघ्यांवर आली.